बाबांचं बोट

रविवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज पुन्हा तोच वाद. सिंफनी, म्हणजे ती विलायती वाद्यवृंदाची रचना, कोणत्या संगीतकाराची भारी? बाबांचा लाडका तो जुना, नेटका, शंभरावर सिंफनी लिहिणारा. माझा तो बहिरा, वादळी. बाबा म्हणतात, "तुझा बहिरा नुसती दारं आपटतो गं."

मग म्हणाले, "माझी ती संथवाली लाव." मी मुद्दाम माझी लावली, आवाज चढवून. आता ओरडतील म्हणून वाट बघत बसले.

ओरडलेच नाहीत. डोळे मिटून खुर्चीच्या हातावर बोटाने हळू ठेका धरला. इकडे कपाटाच्या काचा थरथरतायत, समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं, आणि बाबांचं बोट संथ. मी आवाज बंद केला. बोट चालूच.

म्हणजे ऐकूच येत नाही? कधीपासून? फोन उचलत नाहीत, बोलताना माझ्या ओठांकडेच बघत बसतात, ते म्हणून? मी हट्टी समजत होते. आणि रोज सकाळी एकटे एवढ्या रहदारीचा एलबीएस रोड ओलांडून दूध आणतात! उद्या कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंच. पण मला कसं कळलं विचारलं तर काय सांगू? फसवलं म्हणून?

शेवटी बोट थांबलं. डोळे उघडून म्हणाले, "बघ, याला म्हणतात नजाकत."

मला रडू यायला लागलं. तोंड खिडकीकडे फिरवून म्हटलं, "हो बाबा, तुमचाच भारी." आयुष्यात पहिल्यांदा.

मागून बाबा चिडून म्हणाले, "गप्प बसशील, पण मान्य नाही करणार ना कधी!"