जाड म्हटलेलं चालतं

२ मार्च, अकोला
वजनाचा काटा तिथेच. डॉक्टर मॅडमचं दिवाळीपासून एकच पालुपद: आधी दहा किलो उतरवा, मगच बाळासाठीची ट्रीटमेंट सुरू करू. उतरलं नाही असं नाही. जिथून नको तिथूनच उतरलं. गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, ब्लाउज सैल. कमरेखाली मात्र होते तशीच. वर एक बाई, खाली दुसरीच.
सासूबाई (सा.बा.) शेजारच्या खुर्चीत. मॅडमनी मला विचारलं, उत्तर त्यांनी दिलं. "घरी तं काईच खात नाही मॅडम. शाळेत खात असन."
हो, शाळेत खडू खाते मी.

८ मार्च
शाळेत महिला दिन. गुलाब आणि भाषण. सगळ्यांनी सारखे ड्रेस घालायचे ठरलेलं. टॉप मिडियम, सलवार डबल एक्सेल. दुकानदार म्हणे, "ताई, सेट तोडता येत नाही." शेवटी टॉप शिंप्याकडून आत घेतला. पूर्ण कार्यक्रमभर मी मागच्या रांगेत. फोटोतही मागेच.

१५ मार्च
नवऱ्याने, निलेशने, एक पट्टा आणला. मांडीला बांधायचा, बटण दाबलं की थरथरतो. म्हणे यानं चरबी सुटते, कातडीवरचे खड्डेही जातात. "मी जबरदस्ती नाही करून राह्यलो बरं, तुले वाटलं तं वापर." हेच तर. ओरडला असता तर मीही ओरडले असते. समजूतदार माणसाशी भांडायचं कसं?
वापरला. रात्रभर मांड्या ठणकल्या.

२३ मार्च
पट्टा चालू. मांडीवर हिरवे-निळे डाग. टेबलाचा कोपरा लागला तरी डाग पडतो, ही तर मशीनच. सा.बा. रोज विचारतात, "लावला का पट्टा?" औषध विचारावं तसं.
मी मूग, काकडी, ताक यावर. समोर शेवभाजी. कुणी मुद्दाम नाही करत. घरात चार माणसं जेवणारच. पण मला रडू येतं.

६ एप्रिल
उन्हाने अकोला भाजून निघतंय. दुपारच्या तासाला पाय शिशासारखे जड. खुर्चीत बसून शिकवलं, तर मुख्याध्यापकांनी खिडकीतून पाहिलं. लग्नातले पैंजण आता बसत नाहीत. घोट्याच्या वर मांसाची वळी आलीय आणि तिच्याखाली पाऊल बारीक, लहान मुलीसारखं. सा.बा.ना सांगितलंय, सोनाराकडे दिलेत.

३ मे, अमरावती
सुट्टी. माहेरी. आल्या आल्या आंघोळ केली, मी साडी नेसत असताना आई आत आली. माझ्या मांड्या पाहिल्या आणि दार लावून घेतलं. आवाज एकदम खाली.
"मारते का तो तुले?"
मला आधी कळेचना. मग हसू आलं, तर ती आणखीच घाबरली. फोन घेऊन बसली, आत्ताच जावयाला विचारते म्हणाली. मग सगळं सांगावं लागलं. पट्टा, काटा, दहा किलो, डॉक्टर, सगळं. आईला ट्रीटमेंटचंही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.
तिने फोन बाजूला ठेवला. मग काहीतरीच केलं. पलंगावर बसली आणि साडी गुडघ्याच्या वर घेतली.
"माह्याबी येतात असे डाग. आता पाह्य."
छत्तीस वर्षांची झाले, आईचे पाय पहिल्यांदा पाहिले. माझेच पाय, फक्त म्हातारे. तसेच डाग, घोट्यावर तशीच वळी, खाली तसंच बारीक पाऊल.
"दुखतात?"
"दुखतातच ना वं. मले वाटलं, लेकरं झाल्यावर सगळ्यायचेच होतात असे."
मला तर लेकरू झालेलं नाही. हे दोघींनाही एकदमच सुचलं बहुतेक. आईने साडी खाली ओढली.

६ मे
आईला ओढतच नेलं. पायांच्या नसांचे डॉक्टर. वयस्कर, चष्मा कपाळावर. काटा कोपऱ्यात पडून होता, त्यांनी बघितलाही नाही. आधी पाय पाहिले, मग दाबले. मी ओरडले. आई पण ओरडली.
म्हणाले, कातडीवर खड्डे दिसतात ते बहुतेक बायकांना असतात. आतले धागे कातडी ओढून धरतात, मधली चरबी वर येते, म्हणून संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. (संत्र्यांच्या अमरावतीत डॉक्टरला दुसरं काय सुचणार!) तो आजार नाही, त्याला पट्टाही नको. मांड्यांची चरबी तशीही हट्टी. अंगाने ती बाळंतपणासाठी, दुधासाठी राखलेली असते, म्हणून सगळ्यात शेवटी सोडते.
म्हणजे बाळासाठी जे जपलंय, तेच बाळासाठी उतरवा म्हणताहेत. व्वा.
"पण तुम्हा दोघींचं ते एवढंच नाही." दोन्ही पाय सारखे, पाऊल मात्र बारीकच, दाबलं की दुखतं, सहज डाग पडतात, उपाशी राहून उतरत नाही, आणि आईलाही तसंच, म्हणजे रक्तातून आलेलं. नाव लिपेडीमा. पूर्ण बरा होत नाही, सांभाळता येतो. घट्ट मोजे, चालणं, जमलं तर पोहणं. उपाशी राहणं बंद. आणि अकोल्याच्या मॅडमना म्हणावं, नुसतं वजन पाहून अडवू नका. कंबर बघा, शुगर बघा.
बाहेर आल्यावर आईने उसाचा रस घेतला दोघींना. मी पूर्ण ग्लास प्यायले. इतक्या महिन्यांनी गोड. डोळ्यांत पाणी आलं. माझी चूक नव्हती. माझी चूक नव्हती.

७ मे
निलेशला फोन. खूश होऊन सांगितलं. त्याने उठून दार लावल्याचा आवाज आला. मग,
"आईले नको सांगू."
का?
"जाड म्हटलेलं चालते स्वाती. जाड माणूस बारीक होते. बिमारी म्हटलं का मंग लपवून पोरगी देल्ली असं होते."
मी फोन ठेवला. रागाने नाही. तो खोटं बोलत नव्हता म्हणून.

११ मे
पल्लवीला, माझ्या धाकट्या बहिणीला, चांदूर रेल्वेचं स्थळ आलंय. लोक चांगले आहेत. पुढच्या महिन्यात पाहायला येणार. आई माझ्याजवळ बसून उगाच लसूण सोलत राहिली.
"पल्लवीचं होऊ दे. मंग सांग कोनालेबी."
पल्लवीचे पाय कसे आहेत? विचारलं नाही मी. तिनेही विचारलं नाही. आजकाल घरात पायघोळ कपडे घालून फिरते, या उन्हात.
मग म्हणजे कधी? माझं वय थांबणार आहे का? आईचा राग येतो आणि तिचे पाय आठवले की तोही धड येत नाही. सगळे माझं भलंच बघतात आणि सगळ्यांना मी जाड हवी.

२२ मे, अकोला
परत. मोजे पिशवीत खाली, साड्यांच्या आत. त्यांनी बरं वाटतं, खरंच वाटतं, पण या उकाड्यात पाय शिजतात. सलवारीखाली घालते. सा.बा. म्हणाल्या, "माहेरी जाऊन वाढून आली वाट्टे." गाल भरलेत थोडे. मी भात खाल्ला, त्यांच्यासमोर, दोनदा घेऊन. भांडी जरा जोरात वाजली.

२९ मे
मॅडमकडे. निलेशला दुकानात काम निघालं. काम नेहमी अशा दिवशीच निघतं. सा.बा. सोबत.
"चढा काट्यावर."
मी चढले नाही. ठरवून गेले नव्हते, शपथेवर. फक्त पाय उचललाच नाही. म्हटलं, मॅडम, आधी हे बघा. मोजे काढले, सलवार वर केली.
मॅडमनी दाबलं, मी कळवळले. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. अमरावतीच्या डॉक्टरांचं सगळं सांगितलं. "हे आधी का नाही दाखवलं?" आधी तुम्ही पाहिलं का नाही, हे तोंडावर आलं होतं. गिळलं. त्यांच्याच हातात आहे सगळं.
"बघते. तपासण्या करून आणा, मग ठरवू." होही नाही, नाहीही नाही.
मग सा.बा. बोलल्या. मला नाही, मॅडमना.
"हे कधीपासून असते?"
"साधारण वयात आल्यापासून सुरू होतं."
"म्हंजे लग्नाच्या आंधीपासून."
मॅडमनी मान हलवली. मग सा.बा. माझ्याकडे वळून, "तुह्या आईले मालूम होतं?"
नाही म्हणायचं होतं. तेच खरंही होतं. पण तोंडातून निघालं, "आईलाही आहे, पण तिला..." पुढचं कुणी ऐकलंच नाही.
ऑटोचे पैसे सा.बा.नीच दिले. घरी येऊन त्या आपल्या खोलीत गेल्या, दार ओढून घेतलं. फोनवर बोलल्याचा आवाज. काय ते कळलं नाही. माझ्या आईचं नाव कळलं. मग पल्लवीचं.
लाज वाटायला हवी होती, वाटत नाहीये. भीती वाटतेय, पल्लवीच्या स्थळाची. आणि मोजे काढून पंख्याखाली बसलेय, तर बरंही वाटतंय.
आत्ता त्यांचा आवाज थांबला. माझा फोन वाजतोय. आई. एकदा वाजून थांबला, पुन्हा सुरू झाला. अजून उचललेला नाही.