परांचीची भोकं

प्रिय दादा,

रविवारी बाबांना पाणथळीवर घेऊन गेले होते, तुझ्या खात्याच्या अभयारण्यात. ज्या पडक्या बुरुजाची डागडुजी करण्यात या गवंड्याचं अर्धं आयुष्य गेलं, तिथे शिरायला तिकीट काढायचं म्हटल्यावर सुरुवात कशी झाली असेल ते तूच समज. "साहेबांचा बाप आलाय म्हणून सांग," असं मलाच म्हणाले, आणि मी खरंच सांगायला गेले तर माझ्यावरच डाफरले.

लाकडी पुलावर हात धरू देईनात. कुठे खिळा वर आलाय, कुठली फळी उलटी बसवलीय, अशी तपासणी करत चालले होते. एक पाणमांजर तोंडात मासा धरून अगदी आमच्या पुढ्यातून गेलं. सगळे श्वास रोखून उभे, आणि बाबा खणखणीत आवाजात विचारतायत, "बुरूज कुठल्या अंगाला?" पक्षी बघायच्या झोपडीत तर बोलायचीच बंदी. आयुष्यभर छिन्नी-हातोड्याच्या आवाजात राहिलेल्या माणसाचं कुजबुजणं कसलं असतं, तुला माहीत आहे. दुर्बीणवाल्या एका बाईंनी शेवटी गप्प राहायला सांगितलं. बाबा म्हणाले, "बाई, त्या बुरुजाची कमान खाली बसली की याहून मोठा आवाज होईल." बाई भल्या. त्यांनी दुर्बीणच बाबांच्या हातात दिली.

बराच वेळ बघत होते. माथ्याचा दगड खाली सरकलाय म्हणाले, पुढचं मोठं पाणी ती सोसायची नाही. मग नेहमीचंच सुरू झालं. पाणी ओसरतं तेव्हाच गवंड्याला पाय ठेवायला जागा मिळते, आणि नेमकी तेव्हाच बुरुजातल्या पाकोळ्यांची वीण. विणीच्या काळात बुरुजाला हात लावायचा नाही, हा हुकूम तुझा. तू मागे फोनवर "बाबा, नियम आहे" म्हणालास, आणि बाबा "मग कमानीला टेकू म्हणून नियमच लाव" म्हणून फोन ठेवते झाले. तेव्हापासून त्यांचे निरोप तुला आणि तुझे त्यांना, मध्ये मी. तुम्ही दोघं ताठ आणि मान माझी दुखते.

आमचं बोलणं ऐकून तिथला राखणदार जवळ आला. हौशी माणूस. म्हणाला, "पाकोळ्या इथेच का येतात सांगू? भिंतीत एका मापाची चौकोनी भोकं आहेत. जुन्या लोकांनी पाखरांसाठी मुद्दाम ठेवली असणार."

दादा, ती भोकं कसली ते तुला सांगायला नको. परांचीचे वासे अडकवायला भिंतीत भोकं ठेवायची आणि काम संपलं की बुजवून टाकायची, ही सगळ्या गवंड्यांची रीत. बाबांनी कधी बुजवली नाहीत. ठेकेदार ओरडायचा, जोडीदार हसायचे, आणि यांचं एकच पालुपद, "पुढच्या गवंड्याने काय भिंत फोडून वासे लावायचे?" पुढच्या गवंड्यासाठी ठेवलेल्या भोकांत पाकोळ्या राहायला आल्या, आणि त्यांच्यामुळे आता पुढचा गवंडीच येऊ शकत नाही.

मला वाटलं, आता राखणदाराची काही धडगत नाही. पण बाबांनी एवढंच विचारलं, "पिल्लं उडतात कधी?" तो म्हणाला, पाणी चढायच्या सुमारास. बाबांनी मान हलवली.

परत येताना काठाच्या चिखलात त्यांनी काठीने काहीतरी काढलं. कमान, तिच्या आतल्या बाजूने तिरपे दोन टेकू. भोकं असलेल्या बाहेरच्या भिंतीला कुठे स्पर्शच नाही. मी वाकून विचारलं, "बाबा, असं आतून करता येईल?" तर चपलेने सगळं पुसलं आणि म्हणाले, "पडू दे."

शेजाऱ्याचं कुंपण कललं तरी ज्यांना जेवण गोड लागत नाही, ते हे म्हणाले. तुमचं भांडण चालू होतं तोवर मी वैतागले होते, पण मला काळजी नव्हती. परवा समोरच्या काकांनी गंमत म्हणून तुझा विषय काढला, तर बाबा म्हणतात, "त्याचं बरोबर आहे." तुझी बाजू घेतली त्यांनी, आणि तिथून मला काळजी लागली. त्यानंतर दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. म्हणून हे पत्र. हुकूम फिरव असं मी म्हणत नाही, त्यातलं मला कळत नाही. ते टेकू कसे बसवायचे, तेही मला सांगता येणार नाही, आणि मी विचारलं तर ते सांगणार नाहीत. तुला हरवायचं असेल तरच सांगतील. तेव्हा रजा टाक, ये, त्यांच्यासमोर बस, आणि कमान आतून सावरता येणं शक्यच नाही, असं त्यांना ठणकावून सांग.

तुझीच,
मधल्या मध्ये भरडलेली बहीण