आईंना तांबडी वाइन हवी होती

प्रिय वासो,

तुझी आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण जेवते, झोपते आणि माझ्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवते. छपराची गळती मी बंद केली. शेजारच्या लेनिओने तिच्या कोंबड्या पुन्हा आपल्या अंगणात सोडल्यात. अजून वनखात्याच्या टोळीबरोबर कामाला जातो. जळके ओंडके उतारावर आडवे रचायचे, म्हणजे पावसात माती वाहून जात नाही. ज्या पाइनांना खाचा पाडून मी जन्मभर राळ काढली, तेच आता कापतो. सुरुवातीला लोक विचारायचे, कसं वाटतं रे. काही वाटत नाही. करवत चालते, झाड पडतं, आम्ही पुढच्या झाडाकडे जातो.

गेल्या रविवारी चर्चमधून आल्यावर आई म्हणाल्या, "स्टेर्गिओस, मला पलीकडच्या गावाला ने. तांबडी वाइन आणायची आहे." मी म्हटलं, वाइन खाली दुकानातही मिळते. "दुकानातली नको. आणि वरच्या रस्त्याने ने." आगीनंतर चर्च सोडून त्या कुठेच गेल्या नव्हत्या. काळा कोट घालून, मांडीवर रिकामी बरणी घेऊन गाडीत बसल्या. मी ब्रेड आणि थोडे ऑलिव्ह बरोबर घेतले.

तू गेलीस तेव्हा डोंगर काळा होता. आता लांबून हिरवा दिसतो. जवळ गेल्यावर कळतं, ती नुसती झुडपं आहेत. वर काळे खांब तसेच उभे आणि खाली बुंध्यांतून फुटलेली कुमारिया या रानझुडपाची गर्दी. या वर्षी तिला तांबडी फळंही लागलीयत. आई काच खाली करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "निर्लज्ज आहे ही जमीन." भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तशा सुरात. मी गाडी चालवत राहिलो.

झऱ्यापाशी कोस्मास भेटला, मधमाश्यांवाला. त्याच्या जुन्या पेट्यांतली एकही वाचली नव्हती, आठवतं ना? आता नव्या निळ्या पेट्या मांडल्यात. मला बघून ओरडला, "सासूला घेऊन सहलीला निघालास? गावात दुसरं कुणी भेटलं नाही?" आई म्हणाल्या, "तुझी सासू तर तुझ्याबरोबर चर्चलाही येत नाही." तो हसला आणि चाखायला मध घेऊन आला. रानफुलांचा होता, जरा कडवट. आईंनी बोट चाटून विचारलं, "हा मध की औषध?" "फुकट आहे, औषध समजून खा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाइन पुन्हा वाढून त्यांच्यावरचा मध मिळेपर्यंत मी काही जगत नाही. पोरगी बघेल माझी." आणि लगेच पेट्यांकडे वळला. पोरांचा विषय आमच्यासमोर काढायला नको होता असं त्याला वाटलं असावं. मला तसं काही वाटलं नव्हतं. मी त्याच्या पेट्यांच्या रंगाचं कौतुक केलं.

पुढे ते वळण आलं. आई म्हणाल्या, थांब. मी थांबलो. आपल्या आर्गिरिसची गाडी जिथे सापडली, तिथे गावातल्या पोरांनी लोखंडी देव्हारा उभा केलाय, आत दिवा आहे. कुणीतरी तेल घालतं, मी नाही. आई उतरल्या नाहीत. मी उतरून टायर बघितल्यासारखं केलं. लहानपणी याच वळणावर त्याला मळमळायचं आणि तू त्याला हुंगायला लिंबू द्यायचीस. त्या दिवशी पाण्याची टाकी मागे बांधून तो आग विझवायला वर निघाला, तेव्हा आपण दोघंही अंगणात होतो. "संध्याकाळी मासे तळा," म्हणाला होता. धुरानेच झोप लागली असणार, असं अग्निशमनवाले म्हणाले, तेव्हा तू फक्त मान हलवलीस. तिथे रस्त्याच्या कडेला पाइनची रोपं उगवलीत, बोटाएवढी. पाय पडेल म्हणून मी बाजूने चाललो.

वाइनवाली फ्रोसो नरसाळं लावून बरणी भरत होती. भरता भरता तिने विचारलं, "काय, लग्न की नामकरण?" आई म्हणाल्या, "नातवाला वर काढायचंय." फ्रोसो थांबली. बरणीत पडली होती ती वाइन तिने ओतून दिली, बरणी पुन्हा विसळली आणि आतल्या खोलीतल्या पिंपातून भरून आणली. "याने धुवा," म्हणाली. "ही माझ्या नवऱ्याने घातलेली आहे." तोवर मला खरंच कळलं नव्हतं, वासो, की आम्ही कशासाठी निघालोय. पाद्रीबाबांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं की कबरेची मुदत भरली, कबर मोकळी करून हाडं पेटीत ठेवायला हवीत. मी हो म्हटलं होतं आणि कामावर गेलो होतो.

संत दिमित्रिओसच्या सणानंतरच्या शनिवारी सकाळी ठरलंय. माती मी आणि कबरस्तानातला म्हातारा काढू. हाडं वाइनने धुणं बायकांचं. येताना आई स्वतःच्या वाकड्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "मी धुवेन. पण डोकं पहिल्यांदा आईच्या हातात जातं. वासोला लिही. फोन करू नको, फोन ठेवून देता येतो." म्हणून लिहितोय. तू बहिणीकडे का राहिलीस, हे मी विचारत नाही आणि परत राहायला ये असंही म्हणत नाही. तेवढ्या एका दिवसासाठी ये. मला काय वाटेल ठाऊक नाही, कदाचित तेव्हाही काही वाटणार नाही. पण त्याला एकट्याने बघायचं माझ्याच्याने होणार नाही.

अजूनही तुझाच,
स्टेर्गिओस