रागावलो नव्हतो, लिहीत होतो

चि. ठमाबाईस,

बाबांचा आशीर्वाद. देवाच्या कृपेने मी ठणठणीत आहे. गुडघाही हल्ली कमी कुरकुरतो.

पण तुझं ते चॅट म्हणजे डोक्याला ताप! इथे कामाच्या ठिकाणी माझ्या खोलीत राहणाऱ्या वेल्डरने मला नेटच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि तो ड्यूटीवर गेला. तू विचारलंस, "बाबा, नर्सिंगला परगावी जाऊ का?" एवढ्या मोठ्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावं, म्हणून एका बोटाने अक्षरं शोधत मी पानभर लिहीत बसलो. बटण दाबल्याशिवाय तुला त्यातलं काहीच दिसत नाही, हे मला कोण सांगणार?

तेवढ्यात तुझी ओळ आली, "रागावलात ना? बरं, नाही जात." आणि चॅट बंद करून गेलीससुद्धा! "अगं, थांब!" म्हणून मी स्क्रीनवर ओरडलो, तर सगळं दुकान हसलं. पुन्हा त्या यंत्राच्या नादी लागणार नाही, म्हणून हा कागद.

आई एकटी पडेल, ही काळजी मलाही आहे. तिची दम्याची औषधं वेळेवर चालू आहेत ना? तिची समजूत मी घालतो.

माझ्या पानभर उत्तराचा अर्थ एवढाच होता: जा, पोरी. मुदत संपायच्या आत फॉर्म भर.

देव तुझ्या पाठीशी आहे, आणि मीही.

तुझे,
बाबा