तीन किलोंची लबाडी

ती. ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्त अर्धाच मानून घे). डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि हे पत्र तू स्वतःच वाचत असशील, अशी आशा आहे. दुसरं कुणी वाचून दाखवत असेल तर त्याला इथेच थांबव.

माझी नात आता दहा वर्षांची. वजन बावन्न किलो. माझे कान तुला ठाऊकच आहेत. दुकानात बसून मला मागच्या स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं. "पोट आहे की पोतं गं?" असं तिची आत्या हसत म्हणाली. पोरही हसली, आणि हातातला घास खाली ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी काट्यावर चढायची, आकडा बघायची आणि उपाशी शाळेत जायची. संध्याकाळी भूक दुप्पट, बोलणीही दुप्पट.

चाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. एका ग्रॅमची लबाडी केली नाही. करा म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावलं. त्याच मी घरच्या काट्याची स्प्रिंग दर आठवड्याला थोडी थोडी पिळून तिचे तीन किलो उतरवले (रिकामा काटा मात्र शून्यावरच, एवढी कारागिरी अंगात आहे). पोर पुन्हा सकाळचं खाऊ लागली. मी खूश! पण सूनबाई तेच आकडे दर रविवारी पोरीच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर कळवत होती, आणि वजन उतरतंय म्हणून त्या रक्ताची तपासणी पुढे ढकलत होत्या, हे मला कुठे माहीत?

परवा पोरीला दवाखान्यात नेलं, तर चोपन्न भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमचा काटा बिघडलेला दिसतो. काका, आलाच आहात तर बघता का जरा?" ताई, मी त्या काट्यापुढे बसलो. उगाच पाच मिनिटं स्क्रू फिरवले, मग म्हणालो, "हा बरोबर आहे. माझा खोटा आहे."

सूनबाईच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही. नात मात्र शांत. "मला माहीत होतं आजोबा. तुमचं वीस किलोचं लोखंडी वजन ठेवून बघितलं, एकोणीससुद्धा भरलं नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. रक्त घेतलं आणि पोरीला समोर बसवून सांगितलं, की अंगातली चरबी नुसती बसून नसते. 'आता पुरे' असा निरोप ती मेंदूला सारखा धाडत असते. त्या निरोपाला हार्मोन म्हणायचं. चरबी फार वाढली की निरोपही वाढतात, पण मेंदूला ते ऐकूच येईनासे होतात, आणि जेवल्यावरही भूक उरते.

"म्हणजे मी हावरट नाही?" पोरीने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तुझा,
अजूनही धाकटाच

ता. क. काटा सरळ केला. आत्यालाही सरळ करायचा प्रयत्न चालू आहे. तिथे स्क्रू सापडत नाही.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घराण्यात लहानपणी असं कुणी होतं का? मी पटकन 'नाही' म्हणालो. ताई, तू होतीस. शाळेच्या वाटेवर तुला 'पिंप' म्हणायला पोरांना मीच शिकवलं होतं, आणि तू भूक लागली म्हणालीस की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. वजन कधीपासून वाढलं, भूक कशी लागायची, पुढे काय झालं, आठवेल ते सगळं लिही. पत्र माझ्या नावे नको, तिच्या नावे पाठव. माझ्याबद्दल लिहायचं तेही लिही. ती मला वाचून दाखवेल.