नातवासाठी संत्र्याचा फेस

९ जून
मुलाने, नुरदीनने, शहरातून गाडीवाल्याबरोबर एक बाटली पाठवली. सुनेची निवड. वर कापलेल्या संत्र्याचं चित्र. सरबत समजून बोटाने चाटलं. कडूजहर. फोन केला तर म्हणतो, आपा, ते अंगाला लावायचं, शॉवर जेल आहे. म्हटलं, या डोंगरात शॉवर कुठे आहे, तुझ्या बापाच्या टोपीत? म्हणाला, ओढा आहे ना.
का पाठवलं ते मला कळतं. वसंतात, आम्ही इथे कुरणावर चढायच्या आधी, ते गावी आले होते तेव्हा नातू तेमिर माझ्याजवळ येईना. दोन वर्षांचं पोर. लाडाने कपाळ हुंगायला गेले तर आईच्या मागे लपलं. नुरदीन खाली मान घालून म्हणाला, आपा, तुझ्या अंगाला धुराचा नि घोडीच्या दुधाचा वास येतो, म्हणून बिचकतो. बरं. वासच ना? धुऊन टाकू.
पहिला नातू बापाच्या आईने वाढवायचा. ही रीत मी काढलेली नाही. नुरदीन माझ्या अंगावर पीत होता तेव्हाच सासूने उचलून नेला. मी तोंडातून शब्द काढला नाही. आता माझी पाळी.
२१ला येणार आहेत. तेमिरचं अंथरूण आजच उन्हात घातलं.

१० जून, पहाटे
ओढ्यात अंघोळ. पाणी नव्हे, सुऱ्या. फेस संपता संपेना. खाली झुराकान चहाचं पाणी भरत होती, ती बोंबलली, अगं, माझ्या किटलीत काय सोडलंस? मी शांतपणे सांगितलं की तुझ्या किटलीत याआधी एवढं स्वच्छ काही गेलेलं नाही. शेजाऱ्यांशी गोडीनेच राहावं लागतं.
वास चांगला आहे. डोळे चुरचुरतात.

१० जून, दुपारी
कबरी घोडी बिघडली. नेहमीसारखं शिंगरू आधी लावलं, मग बाजूला केलं, बादली घेऊन मी बसले. तिने मान वळवून मला हुंगलं, कान पाडले आणि पान्हा चोरला. थेंब नाही. दुसरी तशीच. तिसरीने बादली उडवली.
सातार हसतोय. नवरा आहे की कोण. म्हणाला, ती विचारतेय, ही शहरातली बाई कोण आणली? पळी फेकली. लागली नाही. मुद्दामच बाजूला फेकली होती.
गवत खराब असणार यंदा.

१२ जून
अंगावर सातारचा जुना कोट घालून बसले तर दूध आलं. अक्कल लागते. सगळं बुधल्यात ओतून ढवळलं, चांगला कोपरापर्यंत हात घालून. उद्या दूध आंबून कुमीस तयार.

१३ जून
रस्त्यावर कुमीस विकायला बसले. एक गाडी थांबली. जाड्या उतरला, वाटी तोंडाला लावली, थांबला, परत हुंगली. म्हणाला, आजी, यात संत्रं पिळलंय का? म्हटलं, आजी तुझी घरी असेल. म्हणाला, नाही, पण साबणासारखं लागतंय. म्हटलं, साबणाची चव तुला कशी रे माहीत, लहानपणी आईने तोंड धुतलं होतं का? गेला. पुढे झुराकानकडे तीन वाट्या प्यायला. मी मोजल्या नाहीत, दिसल्या.
गिऱ्हाईकाची जीभ हल्ली बिघडलीय.

१५ जून
धुराचा वास आतून येतोच. शेण्या फुंकायच्या मीच, मग येणार नाही तर काय. आजपासून दोनदा अंघोळ. आणि शेण्या सातार फुंकेल. सातारने फुंकल्या, चहा दुपारी मिळाला.

१७ जून
सातार आजपासून तंबूबाहेर कुत्र्याजवळ झोपतो. म्हणाला, आत डोकं दुखतं. उन्हाळ्यात बाहेरची हवा चांगलीच. गांधीलमाश्या फार झाल्यात. मानेला दोन चावल्या.
अंगाला खाज. म्हणजे मळ सुटतोय.

२१ जून
आले! सून जीबेक गाडीतून उतरली, मला मिठी मारून म्हणाली, आपा, किती छान वास येतो तुमचा. नुरदीनकडे बघितलं मी. त्याने कुठे तरी दुसरीकडे बघितलं.
तेमिर प्रवासाने पेंगुळलेला. मांडीवर घेतला. घेऊ दिला! माझ्या गळ्यात नाक खुपसलं आणि झोपेतच म्हणाला, आई. जीबेकही हेच जेल वापरते म्हणे. मी श्वास रोखून बसले. कपाळ हुंगलं. मग त्याने डोळे उघडले, माझं तोंड बघितलं आणि असा टाहो फोडला की कबरी दावं तोडून पळाली.
सवय होईल. सुरुवात तर आई म्हणून झाली.

२२ जून
सकाळी सगळं सामान गाडीत चढलं. मी विचारलं, पोराची बॅग का चढवली, ती खाली ठेवा. नुरदीन मला बाजूला घेऊन गेला. म्हणाला, आपा, तेमिर जीबेकच्या आईकडे असतो, वसंतापासून. तिकडेच राहील.
म्हटलं, आता कुठे येतोय माझ्या अंगाला वास?
म्हणाला, वासाचं सांगायला सोपं होतं म्हणून सांगितलं. वास चालला असता, आपा. तू ओरडतेस ते चालत नाही. वसंतात त्याच्या हातून दूध सांडलं तेव्हा तू काय काय बोललीस? अजून कोणी आवाज चढवला की तो मेजाखाली जाऊन बसतो. मला आजीने वाढवलं, ती कधी माझ्यावर ओरडली नाही.
नाहीच ओरडली. दिवसभर माझ्यावर ओरडून तिचं सगळं संपलेलं असायचं. हे सांगायला गेले, पण तोंडातून आलं भलतंच. गाढवा, म्हटलं, आईला शिकवतोस? मी कधी ओरडले कुणावर? सगळ्या कुरणाला ऐकू गेलं असेल.
तेमिर गाडीखाली शिरला. जीबेकने आडवं पडून त्याला ओढून काढला. गुडघे खरचटले त्याचे.
गेले.

२३ जून
आज कुणाशी काही बोलले नाही. सातार दोनदा येऊन विचारून गेला, बरी आहेस ना? तिसऱ्यांदा आला तेव्हा ओरडले. मग तो निश्चिंत होऊन घोड्यांकडे गेला.