वेस्ट विंडसर विभागीय सभा

११ एप्रिल १९९८
पेपरात वाचलं, तिकडे उत्तर आयर्लंडात बेलफास्टला करार झाला. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंची मिळून एक विधानसभा! अरे, आपल्या मराठी मंडळाला हेच तर हवंय. मंडळातल्या प्रितमचे वडील शंकरराव नागपूरहून कायमचे इथे अमेरिकेत आलेत. त्यांची एकच इच्छा: आंबेडकर जयंती एकदा मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्या मराठी माणसांत व्हावी. थकलेत बिचारे. मी शब्द दिला, विभागीय सभा काढतो, पुढच्या वर्षी नक्की.

२८ जून
निवडणूक. सभापती मी, बिनविरोध. अर्जाची तारीख इतरांना कळवायची राहून गेली.
घटना मीच लिहिली. घटना लिहिणं म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यालाच कळतं! कलम एक: दोन्ही गट हो म्हटल्याशिवाय ठराव नाही. जात आमच्यात कुणी मानत नाही. गट दोनच, आपण आणि ते.

१३ सप्टेंबर
जयंतीचा ठराव. त्यांचा गट हो. आपल्या गटात अर्धे म्हणाले, मंडळात पॉलिटिक्स नको. मी तटस्थ, सभापती ना! एका मताने पडला. रुही म्हणाली, डॅड, यू किल्ड इट. इथे जन्मलेली पोरं, प्रोसीजर कुठून कळणार?

२१ फेब्रुवारी १९९९
पुन्हा तेच. प्रितम माझ्यावर ओरडला. काय ही बेशिस्त! सभा बेमुदत तहकूब केली. बेलफास्टचंही अडलंय म्हणे. म्हणजे आपलं बरोबर चाललंय.

१७ एप्रिल
सभा तहकूब असताना हॉलची किल्ली देणार कशी? त्यांनी जयंती प्रितमच्या गॅरेजमध्ये केली. बायको पद्मिनी खीर घेऊन गेली. मला सर्दी.
परत आल्यावर सांगत होती, गारठा फार होता, शंकरराव कोट घालून बसलेले, सभापतीसाहेब आले का, असं सारखं विचारत होते. माणूस जाणता आहे. पुढच्या वर्षी हॉल नक्की.

५ डिसेंबर
बेलफास्टचं सरकार गुरुवारी बसलं. त्याच दिवशी शंकरराव गेले.
तातडीने सभा बोलावली. हॉल उघडला, हीटर लावला. शंभर खुर्च्या मांडल्या. आलो मी आणि पद्मिनी, तीही गाडी चालवायला. दुखवट्याचा ठराव मांडला. त्यांच्या गटाचं कुणी फिरकलं नाही. निदान आपल्या गटाचा तरी हात वर होईल म्हणून पद्मिनीकडे बघितलं.
मी तटस्थ, म्हणाली. पर्स उचलली आणि प्रितमकडे निघून गेली. गाडी घेऊन.
कलम एकनुसार ठराव फेटाळला. खुर्च्या उचलल्या, कुलूप लावलं, चालत घरी आलो.